जन्माआधीच बंदी

७ सप्टेंबर १९३८ रोजी हैदराबादच्या निजाम सरकारने एका राजकीय संघटनेवर बंदी घातली. संस्थानी राज्यात बंदीचे कुणाला नवल वाटणार? पण ही संघटना अजून स्थापनच व्हायची होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना दोन दिवसांनी ठरली होती. तिच्या नावावर एक मोर्चा नव्हता, एक सत्याग्रह नव्हता, कुणावर भिरकावलेला दगडही नव्हता. तरीही सार्वजनिक सुरक्षेचा नवा नियम घाईघाईने काढून सरकारने तिला बेकायदा ठरवून टाकले. ती उभी करणाऱ्यांत पस्तिशीला टेकलेले, भगव्या वस्त्रांतले एक शिक्षक होते. त्याच वर्षापर्यंत ते बीड जिल्ह्यातल्या मोमिनाबादेत मुख्याध्यापक होते. मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि ते शिक्षक म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ.

आंदोलन कुठे संपते आणि अतिरेक कुठे सुरू होतो, हा प्रश्न महाराष्ट्रात सध्या पुन्हा ऐरणीवर आहे. जुलै २०२५मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, त्याआधी आणि नंतरही त्यावर रान उठले. मराठवाड्याला मात्र हा वाद नवा नाही. ‘राज्याचा शत्रू’ या शिक्क्याच्या तिन्ही तऱ्हा इथल्या माणसांनी पाहिल्या आहेत: स्वतःवर बसलेला, शेजाऱ्यावर सरसकट मारलेला, आणि जिथे मारायला हवा होता तिथे न मारलेला.

अंबाजोगाई हे योगेश्वरीचे ठाणे, मुकुंदराज आणि दासोपंतांचे गाव. निजामी अमलात इथे घोडदळाची छावणी होती. कारभाराची भाषा उर्दू, आणि वरच्या शिक्षणाचीही तीच. अशा मुलखात मराठी मुलांसाठी खासगी शाळा चालवणे हेच अर्धे राजकारण होते. स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत काही वर्षे काढून ते १९३५मध्ये अंबाजोगाईत आले आणि योगेश्वरी शाळेची धुरा त्यांनी घेतली. १९३८मध्ये शाळा सोडून ते पूर्ण वेळ चळवळीत उतरले.

उघड राजकारणाला तेव्हा वावच नव्हता. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमामुळे सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. त्यामुळे सभेत जे बोलता येत नव्हते ते वाचनालयांत, व्यायामशाळांत, गणपतीच्या मेळ्यांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत बोलले जाऊ लागले. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली झाले, तेही भाषा, शिक्षण, नागरी हक्क अशा सोज्वळ विषयांच्या आडोशाने. पुढे जी स्टेट काँग्रेस निघाली तिची मागणीही आज वाचताना जरा मिळमिळीतच वाटते. निजामाला हटवा, असे ती म्हणत नव्हती. असफजाही छत्राखालीच लोकांना जबाबदार असलेले सरकार द्या, एवढेच तिचे म्हणणे होते.

मग सरकार बिथरले कशाने? त्याची कारणे पाहण्यासारखी आहेत, कारण पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत कुठल्या ना कुठल्या सरकारने तीच वापरलेली दिसतात. पहिले, ही संघटना वरवर राष्ट्रीय असली तरी आतून जातीय आहे. दुसरे, तिचे दोर बाहेरून हलवले जातात. ‘काँग्रेस’ हे नावच त्याचा पुरावा. या नावावर सरकारचा आक्षेप इतका होता की नंतरच्या वाटाघाटी त्यावरच अडून राहिल्या. तिसरे, सार्वजनिक सुरक्षा. संघटनेने केले काय, याचा या तिन्हींत कुठे उल्लेख नाही. ती कोण आहे आणि पुढे काय करील, एवढ्यावर निकाल लागला.

सरकारच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांनीही निजामाविरुद्ध आपापला लढा उभारला होता आणि ब्रिटिश मुलखातून त्यांच्या सत्याग्रहींच्या तुकड्या हैदराबादेत शिरत होत्या. तिन्ही लढे एकाच वेळी चालल्याने बघणाऱ्याचा गोंधळ होणे साहजिक होते. २४ ऑक्टोबर १९३८ला गोविंदराव नानलांच्या तुकडीने स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू केला, तीनच दिवसांत स्वामीजींनाही अटक झाली, आणि दोन महिन्यांनी गांधीजींच्या सल्ल्यावरून सत्याग्रह थांबवण्यात आला. जातीय लढ्याशी आपली सरमिसळ होऊ नये, हे त्यामागचे एक मोठे कारण. म्हणजे सरकारने मारलेला शिक्का खोटा ठरवण्यासाठी आंदोलकांनी आपले आंदोलनच आवरते घेतले. बंदी काही उठली नाही. ती उठायला जुलै १९४६ उजाडले.

शिक्का मारून सरकारने मिळवले काय? वर्ष सरता सरता औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, आणि शेकडो मुले शिक्षणासाठी संस्थानाबाहेर, मुख्यतः नागपूर विद्यापीठाकडे गेली. त्यात पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक तेलुगू विद्यार्थी होता. सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीत रावी नारायण रेड्डी होते. ते पुढे तेलंगणच्या सशस्त्र कम्युनिस्ट लढ्याचे नेते झाले. सनदशीर मागणी करणारी माणसे अशी एकाच दाराबाहेर काढली गेली आणि ज्याला जी वाट सापडली ती त्याने धरली.

आता त्याच राज्याची दुसरी बाजू. १९२७ साली स्थापन झालेली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन प्रारंभी धार्मिक-सामाजिक संघटना होती. बहादूर यार जंग यांच्या काळात तिने एक विचार रुजवला: संस्थानातला प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा वाटेकरी आहे, निजाम हे त्या सत्तेचे केवळ प्रतीक. १९४४मध्ये बहादूर यार जंग गेले आणि पुढे संघटनेची सूत्रे लातूरचा वकील कासीम रझवी याच्याकडे आली. त्याने संघटनेचे रझाकार हे खासगी दल कमालीचे वाढवले. गणवेश, कवायत, हत्यारे, उघड धमक्या, गावे लुटणे, माणसे मारणे, सगळे दिवसाढवळ्या. ऑगस्ट १९४८मध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत भररस्त्यात खून झाला. हा तरुण संपादक मुसलमान होता आणि भारतात विलीन व्हावे असे लिहीत होता, एवढाच त्याचा गुन्हा.

ज्या राजवटीला १९३८मध्ये न जन्मलेल्या संघटनेचा धोका दिसला, तिला दहा वर्षांनी आपल्याच अंगणात कवायत करणारी फौज दिसेना. हा योगायोग नव्हता. राजवटीची नजर कृत्यावर नव्हतीच, निष्ठेवर होती. रझाकार निष्ठावंत होते, म्हणून त्यांची हिंसा हिंसा ठरली नाही. मुख्याध्यापक संशयित होते, म्हणून त्यांची सभाही कट ठरली. सरकार आंदोलकांची यादी करण्यात गुंतले की खऱ्या अतिरेक्यांना मोकळे रान मिळते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण आपल्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

पण मुक्तिसंग्रामाची गोष्ट पोथीसारखी सोवळ्यात ठेवणेही बरे नाही. १५ ऑगस्ट १९४७ला तिरंगा फडकावल्याबद्दल स्वामीजी तुरुंगात गेले. मधे सुटका झाली, तरी जानेवारी १९४८मध्ये त्यांना पुन्हा पकडले. तोवर संस्थानच्या सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची शिबिरे उभी राहिली होती आणि त्यांतून सशस्त्र छापे घातले जात होते. ३० जानेवारी १९४८ला कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली आणि तो पैसा या शिबिरांच्या कामी लावला. आजच्या कायद्याचे पुस्तक उघडले तर या घटनेला दरोड्यापासून दहशतवादी कृत्यापर्यंत हवे ते कलम लावता येईल. मराठवाड्यात ती पराक्रम म्हणून सांगितली जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सनदशीर मार्ग वर्षानुवर्षे बंद ठेवले होते, ही तिसरी गोष्टही तितकीच खरी.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा शिरल्या. मोमिनाबादेत निजामाच्या तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्स तुकडीने नावापुरता प्रतिकार केला आणि हत्यारे टाकली. १७ तारखेला सारे संपले. या कारवाईला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हे नाव पडले. मराठवाड्यातली म्हातारी माणसे नुसते ‘अ‍ॅक्शन’ म्हणत.

‘अ‍ॅक्शन’नंतर काय झाले, हे बरीच वर्षे कुणी मोठ्याने बोलत नसे. रझाकार हा शिक्का आता गावोगावच्या सरसकट मुसलमानांवर बसला. ज्याने कधी काठीही उचलली नव्हती असा विणकर किंवा शेतमजूरही त्यातून सुटला नाही. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे तिने नोंदवले. शेजारच्या मुसलमान कुटुंबांना जिवावर उदार होऊन आसरा देणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यात आहे. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. तो लोकांसमोर यायला सहा दशके गेली. आणि ज्याच्या नावाने हे सारे झाले त्या कासीम रझवीचे काय? त्याच्यावर खटला चालला तो बीबीनगरच्या दरोड्याचा. सात वर्षांची शिक्षा झाली, १९५७मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. म्होरक्याला साधे फौजदारी कलम, साक्षीपुरावा आणि वकील मिळाला. ज्यांचा दोष केवळ धर्माचा होता त्यांना यातले काहीच मिळाले नाही.

तेलंगणातल्या कम्युनिस्टांविरुद्धची लष्करी मोहीम त्यानंतर १९५१पर्यंत चालली. हैदराबाद राज्यात त्यांच्या पक्षावर बंदी होती, म्हणून १९५२च्या पहिल्या निवडणुकीत ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने उभे राहिले. बीडच्या मतदारांनी लोकसभेत कुणाला पाठवले? याच फ्रंटच्या रामचंद्र गोविंद तथा बाबासाहेब परांजप्यांना, म्हणजे स्वामीजींच्या हिप्परग्यापासूनच्या सहकाऱ्याला. स्वामीजी स्वतः काँग्रेसतर्फे गुलबर्ग्याहून निवडून आले होते. आपापल्या वेळी बंदी घातलेल्या दोन पक्षांची ही दोन माणसे एकाच सभागृहात बसली. त्याच निवडणुकीत सशस्त्र लढ्याचे नेते रावी नारायण रेड्डी नलगोंड्यातून पंडित नेहरूंपेक्षा जास्त मते घेऊन आले.

बीडकरांचा हा उद्योग इथेच थांबला नाही. १९६७मध्ये त्यांनी क्रांतिसिंह नाना पाटलांना खासदार केले. ज्या माणसाला ब्रिटिश पोलीस साताऱ्यात वर्षानुवर्षे दरोडेखोरांचा म्होरक्या म्हणून शोधत होते, ज्यांच्या प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी १९४३मध्ये शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, तेच हे नाना पाटील. शिक्का सरकार मारते, पण तो टिकतो की नाही हे पुढे दुसरेच कुणीतरी ठरवते.

कटाची भाषा हा या विषयाचा दुसरा कोपरा. कारस्थानाच्या कहाण्या भोळ्या माणसांत पसरतात असे आपण धरून चालतो. त्या पसरतातच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. एप्रिल २०२०मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. दुसऱ्या घटनेत तर अफवेवर अफवा चढली. खुनामागे अमुक धर्माचे कारस्थान असल्याच्या गोष्टी देशभर फिरल्या आणि पकडलेल्यांत त्या धर्माचे कुणी नाही, असा खुलासा राज्याच्या गृहमंत्र्यांना करावा लागला.

पण सरकारेही कटाच्या गोष्टी रचतात, आणि त्यांच्या गोष्टीला आरोपपत्र जोडलेले असते. १९२८मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महिनोन्‌महिने संप चालवला. पुढच्याच मार्चमध्ये श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर या मंडळींना पकडून थेट मेरठला नेण्यात आले. आरोप काय, तर बादशहाला हिंदुस्थानच्या सार्वभौमत्वापासून वंचित करण्याचा कट. खटला जवळपास चार वर्षे रेंगाळला, आणि अपिलात शिक्षा इतक्या घटल्या की मूळ आरोपाचा फुगा आपोआपच फुटला. कामगार चळवळ मात्र तोवर नेत्यांवाचून विस्कटून गेलेली होती. बऱ्याचदा अशा खटल्याचा खरा उपयोग निकालात नसतो, तो चालत राहण्यात असतो.

एल्गार परिषदेचे प्रकरण याच कारणासाठी बारकाईने पाहावे लागते. ३१ डिसेंबर २०१७ला शनिवारवाड्यावर परिषद झाली, दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला हिंसाचार झाला, आणि २०१८पासून सोळा जणांना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली अटक झाली. माओवाद्यांशी संबंध, हा आरोप. त्यांतले चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जुलै २०२१मध्ये कोठडीत असतानाच वारले. बाकीच्यांपैकी अनेकांना एकेक करून जामीन मिळत गेला. जुलै २०२३मध्ये दोघांना जामीन देताना, नुसते साहित्य जवळ सापडणे पुरेसे नाही, अशा अर्थाचे मत सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले. आरोप खरे की खोटे हे खटलाच सांगेल. पण कित्येक वर्षे कोठडीत जाऊनही खटला सुरू होत नसेल, तर शिक्षा आधी आणि न्याय मागून असा उलटा क्रम लागतो.

याची गोम कायद्याच्या रचनेत आहे. यूएपीए मुळात १९६७चा. दहशतवादाची प्रकरणे त्यात २००४मध्ये आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००८मध्ये तो कडक झाला, आणि २०१९पासून संघटनेप्रमाणेच एकट्या माणसालाही दहशतवादी घोषित करता येते. त्याच्या कलम १५मध्ये बॉम्ब, स्फोटके, बंदुका, विषारी वायू अशी यादी आहे, आणि शेवटी ‘अन्य कोणत्याही साधनाने’ असे शब्द. एवढ्या रुंद दारातून काहीही आत येऊ शकते. जामिनाचे कलम त्याहून जाचक: आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर न्यायालयाला जामीन देता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या वटाली निकालाने त्या टप्प्यावर पुरावा फार उकरून तपासण्यावर मर्यादा घातली. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१६ ते २०१९ या काळात देशात ५,९२२ जणांना यूएपीएखाली अटक झाली आणि १३२ जणांवर दोष सिद्ध झाला.

न्यायालयांनी या प्रश्नाला वेळोवेळी हात घातला आहे. टाडा हा जुना दहशतवादविरोधी कायदा लागू असताना १९९४मध्ये महाराष्ट्रातल्याच हितेंद्र ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की दहशतवादी हा गुन्हेगार असतो, म्हणून काही प्रत्येक गुन्हेगार दहशतवादी ठरत नाही. समोर गुंडगिरीचा खटला होता. नेहमीच्या कायद्याने निस्तरता येणारा गुन्हा उगाच टाडात ओढू नका, हे त्याचे सार. जून २०२१मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनातल्या तीन विद्यार्थी कार्यकर्त्यांना जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने, असहमती दडपण्याच्या घाईत निषेधाचा हक्क आणि दहशतवादी कृत्य यांतली रेषा सरकारच्या मनात पुसट होत चालल्याचे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने जामीन कायम ठेवला, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका, असेही सांगितले.

डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटल्याचा निकाल या चर्चेत फारसा येत नाही, यायला हवा. घरातल्या अतिरेकाचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसेल: २० ऑगस्ट २०१३, पुण्याचा ओंकारेश्वर पूल, सकाळी फिरायला निघालेले डॉक्टर आणि दोन मारेकरी. १० मे २०२४ला पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. यूएपीएची कलमे टिकली नाहीत. शिक्षा झाली ती खुनाच्या साध्या कलमाखाली. ज्या प्रकरणात दहशतवादाचा कायदा शोभला असता तिथे तो कुचकामी ठरला आणि जुने कलमच कामाला आले. सूत्रधार कोण, हे शेवटपर्यंत पुढे आले नाही. त्यासाठी नव्या कायद्याची नव्हे, चांगल्या तपासाची गरज होती.

जगातही या बाबतीत एकवाक्यता नाही. दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या संयुक्त राष्ट्रांना आजवर जमलेली नाही. नेल्सन मंडेलांचे नाव अमेरिकेच्या दहशतवादविषयक यादीतून २००८मध्ये, म्हणजे ते राष्ट्राध्यक्षपदावरून उतरून नऊ वर्षे झाल्यावर निघाले. ब्रिटनने जुलै २०२५मध्ये ‘पॅलेस्टाइन अ‍ॅक्शन’ या गटावर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी घातली. त्याच्या कार्यकर्त्यांनी हवाई दलाच्या तळात घुसून विमानांवर रंग फवारला होता. मालमत्तेचे नुकसान हा गुन्हाच, पण त्या बंदीनंतर नुसते पाठिंब्याचे फलक धरून बसलेल्या शेकडो माणसांना, त्यांत म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोलिसांनी उचलले. उलट अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ला निवडणूक चोरल्याच्या कारस्थानकथेवर विश्वास ठेवून संसदेवर चालून गेलेल्या सुमारे दीड हजार जणांना २०२५मध्ये नव्या अध्यक्षांनी पदभार घेतला त्याच दिवशी माफी दिली. अतिरेकी कोण, हे सत्तेवर कोण बसले आहे त्यावरून बदलते. लातूरच्या वकिलाच्या काळात बदलत होते तसेच.

बीड जिल्ह्याने अलीकडे दोन्ही टोके पाहिली. कोपर्डीच्या घटनेनंतर २०१६मध्ये मराठा मोर्चे निघाले. लाखोंच्या संख्येने, घोषणेवाचून, मागे पडलेला कचरा उचलून. आणि ३० ऑक्टोबर २०२३ला आरक्षणाच्याच मागणीवरून माजलगाव आणि बीडमध्ये आमदारांची घरे पेटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. घर पेटवणे हा गुन्हा आहे, आणि माणसे आत असताना पेटवणे भयंकर गुन्हा आहे. जाळपोळ, दंगल, खुनाचा प्रयत्न ही कलमे त्यासाठी पुरेशी आहेत. त्या रात्रीच्या आगीवरून साऱ्या मागणीला किंवा साऱ्या समाजाला एकाच रंगात रंगवले असते, तर १९४८च्या शरद ऋतूतली चूक पुन्हा झाली असती. आपल्याकडे पंचाईत बऱ्याचदा दुसऱ्या बाजूने होते: वातावरण निवळले की गुन्हे सरसकट मागे घेण्याची बोलणी सुरू होतात आणि घोषणा देणारा व पेट्रोल ओतणारा एकाच माफीत बसतात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर १९७८मध्ये मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ठरवून, वस्ती हेरून, घबराट बसवण्यासाठी केलेल्या त्या हिंसेला दहशतवाद म्हणायचे मात्र कुठल्या सरकारला सुचले नाही.

आता जनसुरक्षा विधेयकाकडे. ते प्रथम जुलै २०२४मध्ये मांडले गेले, मग संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या, हे लोकांच्या धास्तीचे माप म्हणायला हरकत नाही. सरकारची बाजू अशी: छत्तीसगड, तेलंगण, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांनी असे कायदे करून ४८ आघाडी संघटनांवर बंदी घातली, महाराष्ट्रात तसा कायदा नसल्याने माओवाद्यांच्या शहरी आघाड्या इथे आसरा घेतात. गडचिरोलीतली हिंसा काल्पनिक नाही. १ मे २०१९ला, महाराष्ट्रदिनीच, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक यांचा बळी घेतला. तेव्हा धोका खोटा आहे असे कुणी म्हणू नये.

समितीने काही सुधारणा केल्या. ‘व्यक्ती आणि संघटना’ या मोघम उल्लेखाऐवजी ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असा शब्दप्रयोग आला, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा वाढवला. तरी दोन गोष्टी खटकतात. एक, गुन्हा विचारसरणीच्या नावाने ओळखायचा. मग उजवीकडच्या, जातीच्या किंवा धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेचे काय, आणि ‘तत्सम’मध्ये कोण बसेल? दुसरी अधिक गंभीर. बेकायदा कृत्याच्या व्याख्येत हिंसा आणि स्फोटके आहेतच, पण बोललेले किंवा लिहिलेले शब्द, खुणा, प्रशासनात अडथळा, आणि प्रस्थापित कायदा न पाळण्याचा प्रचार हेही आहे. कायदा न पाळण्याचा उघड, नि:शस्त्र प्रचार म्हणजेच सत्याग्रह. सरकार म्हणते, साध्या आंदोलकाला हा कायदा लागणार नाही. आजचे सरकार कदाचित तो लावणारही नाही. पण कायदा मंत्र्यांच्या शब्दावर चालत नाही, छापलेल्या मजकुरावर चालतो, आणि तो मजकूर उद्याच्या सरकारच्याही हाती असतो.

हिंसा केली, करवली, तिला पैसा किंवा हत्यार पुरवले, असे कृत्य दाखवता आले तर कठोर शिक्षा व्हावी, मग झेंडा कुठल्याही रंगाचा असो. ते दाखवता येत नसेल तर संघटनेचे नाव, तिची पुस्तके आणि तिचे मित्र यांवरून बंदी घालू नये. म्हणून या कायद्याखाली एखाद्या संघटनेवर बंदीची अधिसूचना निघेल, तेव्हा वाचकांनी ती मथळ्यावर न सोडता पूर्ण वाचावी. कोणते कृत्य, कुठे, कोणत्या तारखेला, कुणी केले, हे तीत लिहिलेले आहे का ते पाहावे. नसेल, तर आपल्या आमदाराला पत्र लिहून ते विचारावे.